कपाट अख्खं उतरवायचं

आज हुकूम माझा होता! सकाळी आनंदाच्या भरात मी डाव्या पायातला बूट उजव्या पायात घातला. आरशात बघून मी दोनदा मोठ्यानं "टेकवा!" असं ओरडूनही पाहिलं. शेजारणीनं भिंत बडवली.

आधी हुकूम म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी पत्ते कुटायला निघाले होते. आम्ही जुनं फर्निचर हलवतो. लोकांना नको झालेली कपाटं, पलंग, सोफे उचलायचे, खाली उतरवायचे, आमच्या वखारीत नेऊन मोडायचे, आणि लाकूड, लोखंड, काच, कापूस वेगवेगळं करून जिथल्या तिथे पोचवायचं. जड वस्तू जिन्यावर असते तेव्हा एकानंच बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. बोलणारा वस्तूला हात लावत नाही. सगळ्यांचे हातपाय दिसतील अशा जागी तो उभा राहतो आणि तिथून सांगतो, उचला, थांबा, डावीकडे घ्या, टेकवा. दोघं बोलायला लागले की तिसऱ्याचं बोट गेलंच म्हणून समजा. ह्यालाच आमच्यात हुकूम म्हणतात, आणि आजवर तो आत्याचा होता.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. हा धंदा तिनं हातगाडीपासून उभा केला. सगळं गाव तिला आत्याच म्हणतं, तिच्याहून म्हातारे दुकानदारसुद्धा. तिची ख्याती अशी की आत्याच्या हातून वस्तू पडत नाही. आणि तिचा नेम असा की वस्तू घरातून अख्खीच बाहेर काढायची. वखारीत नेऊन तिच्या ढलप्या करा, काही म्हणणं नाही, पण मालकाच्या घरात करवत काढायची नाही. "त्या पलंगावर माणसं निजलेली असतात, लेकरं जन्मलेली असतात," ती म्हणायची. "त्यांच्या डोळ्यांदेखत काय कापता?" म्हणून आमची टोळी गावात "अख्खंवाली" म्हणून ओळखली जाते. मला त्याचा केवढा तोरा होता म्हणून सांगू!

तर झालं असं की परवा जेवताना मी पुन्हा हुकुमाचा विषय काढला. आत्यानं हातातला घास ताटात ठेवला.

"तुझ्या जिभेला फार खाज सुटलीय ना? परवाच्या हॉटेलच्या कामाला तू दे हुकूम. मी साधी हमाल म्हणून येईन. दिवसभर तोंड उघडणार नाही. मला तोंड उघडायची वेळ आली नाही, तर हुकूम कायमचा तुझा. आली, तर पुन्हा म्हणून हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही."

"आई आणि तोंड बंद?" तिचा मुलगा, म्हणजे माझा आत्तेभाऊ, ठसका लागेपर्यंत हसला. त्याला आम्ही बंब म्हणतो, कारण तो तसाच गोल आहे आणि तसाच तापतो. "त्यापेक्षा मांजर दुधाला नको म्हणेल!"

मी मात्र हसले नाही. मला हुकूम हवा होता. का हवा होता ह्याची मोठमोठी कारणं देता येतील, आत्याचे गुडघे वगैरे, पण खरं सांगू? मला तो आवडतो! चार माणसं, एक अवाढव्य वस्तू, अरुंद जिना, आणि सगळं आपल्या एका शब्दावर हललं की अंगावर काटा येतो. लहानपणापासून मी आत्याच्या मागे उभी राहून ओठांतल्या ओठांत तिचेच शब्द म्हणत आले होते.

हॉटेल बंद पडलं होतं आणि तिसरा मजला रिकामा करायचा होता. दारातच हॉटेलनं नेमलेल्या सुरक्षेच्या बाई उभ्या होत्या, पिवळं हेल्मेट घालून.

"इथे प्रमुख कोण?" त्यांनी विचारलं.

"मी!" मी एवढ्या जोरात म्हटलं की त्या दचकल्या. मागे आत्याच्या घशातून चमत्कारिक आवाज आला, पण शब्द नाही.

बाई कामाच्या निघाल्या. जिन्याच्या तळाशी दोर बांधा, वर वस्तू असताना दोराच्या आत कुणीही येणार नाही, असं त्या म्हणाल्या, आणि मी म्हटलं, मीही तेच सांगणार होते. मग त्या स्वतःच दोराशी उभ्या राहिल्या. पहाऱ्यावर असं माणूस मिळालं की निम्मी काळजी मिटते.

आणि काय सांगू, सकाळ कशी गेली! लोण्यातून सुरी जावी तशी! गाद्यांत ढेकूण असणार हे धरूनच चाललो होतो, म्हणून त्या जागेवरच प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी मारली. आरशांवर आडवीउभी पट्टी, म्हणजे फुटला तरी काच उडायची नाही. निघालेला प्रत्येक खिळा हातोडीनं वाकवल्याशिवाय फळी खाली ठेवायची नाही. घडीचा सोफा उचलण्याआधी स्प्रिंगला दोरीनं जखडायचं, नाहीतर तो मध्येच जबडा उघडतो आणि हात आत घेतो. सगळं मी सांगत होते, सगळे ऐकत होते. आमच्या टोळीत जुळे भाऊ आहेत, थोरला आणि धाकटा, एरवी एकमेकांचंही ऐकत नाहीत. आज माझ्या एका "थांबा"सरशी खांबासारखे थांबत होते.

आत्या उशा आणि खणांचे ढीग खाली नेत होती. मध्येच थबकायची, माझ्याकडे बघायची, गाल फुगवायची आणि पुढे जायची. एकदा मी पलंगाचं डोकं उलट्या बाजूनं वळवलं तेव्हा तिला असा खोकला आला की विचारू नका.

"खोकला मोजायचा नाही हं," बंब पुटपुटला.

आत्यानं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. धपाटाही आम्ही मोजला नाही.

मग आलं कपाट. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत एकेक कपाट होतं, सगळी एका साच्यातली. जाड सागवानी, छताला टेकणारी, रंगावर रंग चढवलेली. दारं आणि खण काढले तरी नुसता सांगाडाच रेड्यासारखा जड. आमच्या सुतारकाकांनी त्याच्या कुशीत बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं. ठक ठक, भरीव आवाज.

"लाकूड चांगलं आहे," काका म्हणाले. "पण पोरी, जिना बघ. वळणावर हे अडणार. मी करवत आणतो, इथेच चार तुकडे करू. मास्क लावू, खिडक्या उघडू, जेवायच्या आधी मोकळे."

"घरात कापायचं नाही," बंब म्हणाला.

"घर कुठंय? हॉटेल आहे हे. ह्या कपाटासाठी इथे कोण रडायला बसलंय?"

काकांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. मलाही पटलं होतं. मी "आणा करवत" म्हणणार, तोच दाराशी आत्या दिसली. तोंड घट्ट मिटलेलं आणि डोळे माझ्यावर. तिच्या त्या डोळ्यांत काय होतं कोण जाणे, पण माझ्या अंगात वारं शिरलं. पहिल्याच दिवशी आत्याचा नेम मोडू? आणि हे धूड मी अख्खं खाली नेलं, तिच्यासमोर, तिनं एक शब्द न बोलता, तर? मग कोण काय म्हणणार होतं मला!

"अख्खं उतरवायचं," मी म्हटलं. "पट्टे आणा."

काकांनी कपाळाला हात लावला, पण पट्टे आणले. दोन रुंद पट्टे कपाटाच्या बुडाखालून घातले. वर थोरला आणि काका, खाली बंब आणि धाकटा. आत्याला मी वळणावरच्या चौकात उभं केलं. भिंत खरचटायला लागली तर तिनं हात वर करायचा, बाकी काही करायचं नाही. त्याच चौकातून दुसऱ्या मजल्याचा बोळ फुटतो, त्याच्या तोंडाशी मी उभी राहिले. तिथून मला सगळ्यांचे पाय दिसत होते. आणि निघण्याआधी आत्या रोज म्हणते तेच मी म्हटलं, पण माझ्या पद्धतीनं.

"ऐका! हे मेलं कपाट आज संध्याकाळी चुलीत जायचंय. सोडा म्हटलं की सोडायचं. कुणी शूरपणा केला तर मी स्वतः कानफटात मारीन!"

"हो!" सगळे ओरडले.

"उचला!"

उचललं! आहाहा, काय उचललं! कपाट दारातून निघालं, बोळातून जिन्याशी आलं, पहिल्या पायरीवर कललं. "एकेक पायरी. बंब, टाच टेकव. थांबा. श्वास घ्या. पुन्हा." माझा आवाज माझा मलाच अनोळखी वाटत होता, खणखणीत आणि शांत. मला हसू फुटत होतं. अर्धा जिना झाला, त्याहून जास्त झाला. हत्ती गेला, शेपूट राहिलं! आत्याकडे पाहिलं, तर तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण तीही ओठांतल्या ओठांत माझ्याबरोबर म्हणत होती, एकेक पायरी, एकेक पायरी.

तेवढ्यात कपाटाच्या बुडातून कोरडं, कडकडीत काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

कुशी ठोकून पाहिल्या होत्या, बूड कोणी ठोकलं होतं? ते जमिनीवर होतं ना! आडवं करून पाहायला हवं होतं आणि माझ्या उत्साहात ते राहून गेलं. बूड साध्या लाकडाचं, वरून रंगाचे थर आणि आत सगळी वाळवी. तळाची फळी भुशासारखी फुटली, पट्टे तिच्यातून आरपार वर आले, आणि थोरला अन् काका हातात नुसते पट्टे घेऊन पाठीवर आपटले.

"सोडा!"

बंब आणि धाकट्यानं सोडलं. दोघं उडी मारून माझ्या बाजूला बोळात येऊन पडले. कपाट घसरलं, त्याचा एक कोपरा लाकडी कठड्यात घुसला आणि ते तिरकं अडलं. कठडा बाहेरच्या बाजूला वाकू लागला. सगळं हातभर जागेत, डोळ्यांसमोर. आणि आत्या पुढे झाली! दोन्ही तळवे आणि खांदा लावून तिनं ते धूड धरलं.

तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं. हातांचं कुणी काही ठरवलंच नव्हतं.

"आई!" बंब उठून धावला. मी त्याचा कमरेचा पट्टा मागून धरला आणि अशी ओढ मारली की तो माझ्याच अंगावर आला.

"जागचं हलायचं नाही!"

"अगं माझी आई आहे ती!"

"हलायचं नाही म्हटलं ना!" त्याचे डोळे बघवत नव्हते. पण तो गेला असता की मागोमाग धाकटा, मग मी, आणि त्या कपाटाखाली सगळं घर गेलं असतं.  भीती मी आवाजात येऊ दिली नाही. "आत्या, सोड. तुझ्या डावीकडे खिडकीचा कोनाडा आहे. सोडायचं आणि तिकडे सरायचं."

आत्यानं मान हलवली. नाही. चेहरा लालबुंद, मनगटं थरथरत होती. कठडा करकरला.

"आत्या, चुलीत जायचंय ते!"

नाही.

आयुष्यात मी तिच्यावर कधी ओरडले नव्हते. घरात कुणीच ओरडलं नव्हतं, माझ्या वडिलांनीसुद्धा नाही. मी सगळा जीव घशात आणला.

"सोड! माझा हुकूम आहे, सोड!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. परक्या गावात कुणीतरी आपल्या नावानं हाक मारावी तसं पाहिलं. आणि सोडलं. डावीकडे सरली, कोनाड्यात पाठ लावली, आणि कठडा गेला.

असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता! कपाट तिच्या पोटासमोरून गेलं, समोरच्या भिंतीचा पोपडा घेऊन गेलं, आणि कठड्याच्या भगदाडातून थेट खाली, जिन्याच्या मधल्या पोकळीत. तळाला आपटलं तेव्हा पायाखालची लादी हलली. मग धूळ. इतकी धूळ की स्वतःचा हात दिसेना.

"माणसं?" खालून, दोरापलीकडून बाईंचा आवाज आला. "माणसं कशी आहेत?"

"काका!" मी ओरडले. "आहे," वरून काका कण्हत म्हणाले. "थोरला!" "आहे." "धाकटा!" "आहे." "बंब!" तो रडत होता, पण हो म्हणाला.

"आत्या!"

उत्तर नाही. मी धुळीत हात पुढे करून गेले. माझा हात तिच्या दंडाला लागला. तिथेच होती, कोनाड्यात, सरळ उभी.

"सगळी आहेत!" मी खाली ओरडले, आणि माझा जीव भांड्यात पडला. मी आत्याला मिठी मारली, सोडली, पुन्हा मारली. बंब तिच्या पायांशी बसला होता. मी हसत होते की रडत होते, देव जाणे. अहो, माणसं सगळी होती! एकूण एक!

आत्यानं मला हातानं दूर केलं.

"पडलं," ती म्हणाली. सकाळपासूनचा तिचा पहिला शब्द. "आजवर माझ्या हातून काही पडलं नव्हतं. धरता आलं असतं मला."

"धरून काय करणार होतीस? लोणचं घालणार होतीस त्याचं?"

"जीभ आवर. मी तोंड उघडलंय. ठरल्याप्रमाणे हुकूम माझा."

 वरून लंगडत उतरणारे काका पायरीवरच थांबले. ठरलं तसं ठरलं होतं, ती चूक बोलत नव्हती. एरवी मी मान खाली घातली असती. पण तेव्हाच मला तिचं उजवं मनगट दिसलं. ते डाव्याच्या दुप्पट झालं होतं आणि ती ते पदरासारखं पोटाशी धरून उभी होती.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"हुकूम माझा आहे. संध्याकाळ व्हायचीय अजून, तोवर काम माझं. आणि माझा हुकूम असा आहे की काका टेम्पो काढतील आणि तू दवाखान्यात जाशील. काकांची पाठही दाखवा. बाकीची कपाटं इथेच कापायची. अख्खं एकही उतरणार नाही, आज नाही आणि उद्याही नाही. माझीच चूक झाली, कापायला सांगायला हवं होतं, मी तुझ्या डोळ्यांकडे बघून उतरवायला लावलं. आता कुणाच्या डोळ्यांकडे बघायची नाही मी."

"काम टाकून मी कधी घरी गेले नाहीये."

"आज जायचं."

मला वाटलं, आता पाठीत धपाटा. बंबालाही वाटलं असावं, तो थोडा बाजूला सरकला. आत्या मात्र एकदम पायरीवर बसली. सुजलेलं मनगट तिनं मांडीवर ठेवलं.

"तू पहिल्यांदा सोड म्हणालीस ना," ती म्हणाली, "तेव्हा मला कळलंच नाही की मला म्हणतेयस. एवढी वर्षं सगळ्यांना सोडा म्हणणारी मीच होते. मला कुणी म्हणालंच नव्हतं गं. म्हणून वेळ लागला."

 आपलंच बोलणं आत्याला अवघड वाटलं असावं, कारण ती लगेच उठली आणि काकांना म्हणाली, "चला, काय बघताय? ऐकू नाही आलं तिचं?"

काकांचा हात धरून ती उतरली. खाली बाईंनी दोर उचलून त्यांना वाट करून दिली. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, आणि बंबानं डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं.

"काय करायचं आता?" त्यानं विचारलं.

"मास्क लावा सगळ्यांनी," मी म्हटलं. "आणि करवत आणा."